स्टीलची भांडी आतून पांढरी पडलेत, सिंकला गंजाचे टिपके आलेत, काय करू?

वडगावची वहिनी:
गौरी-गणपती पंधरा दिवसांवर आलेत म्हणून माळ्यावरची भांडी काढली तर बघून रडूच आलं. आमच्यात नळाचं पाणी कमी, जास्त वापर बोअरचाच, त्यामुळं पिंपाला आणि कळशीला आतून पांढरा थर धरलाय, नखानं खरवडलं तर पीठ निघतंय. त्यात परवा कुंदा करताना दूध लागलं, मोठं पातेलं तळाला काळंकुट्ट आणि बाहेरून बुडाला निळसर-सोनेरी डाग. तारेची घासणी घेऊन तासभर घासलं, करपलेलं निघालं पण चकाकी पार गेली. सिंक तर दोनच वर्षांचं, त्यात लाल टिपके! दुकानदार म्हणाला होता स्टीलला गंज चढत नाही, मग हे काय? पातेलं सासूबाईंचं आहे, मोडीत घालायचं नाही. कुणाला माहिती असेल तर सांगा की.

खानापूरची अक्का:
वहिनी, आधी ती तारेची घासणी बाजूला ठेवा बगा. पांढरा थर म्हणजे पाण्यातला क्षार, तो घासून जात नाही, आंबटानं विरघळतो. पिंपात गरम पाणी भरा, लिटरला एक चमचा लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिडची पूड, टाका आणि तासभर तसंच राहू द्या. आमच्यात भिरंडीची म्हणजे कोकमाची सोलं असतात, आई त्याच्याच पाण्यानं कळशी धुवायची, आत हात फिरवला की काचेसारखी गुळगुळीत लागायची. पातेलं परत कधी करपलं तर पाणी आणि दोन चमचे खाता सोडा घालून दहा मिनिटं उकळा, रात्रभर तसंच ठेवा, सकाळी लाकडी उलथन्यानं पापुद्रा सुटतो.

उद्यमबाग पॉलिशवाला:
मी बफिंगचं, म्हणजे चाकावर भांड्यांना चकाकी आणायचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. स्टीलमध्ये क्रोमियम असतं, कमीत कमी साडेदहा टक्के, त्याचा हवेशी संबंध आला की वर एक पातळ थर तयार होतो, डोळ्याला दिसत नाही पण गंज तोच अडवतो. ओरखडा पडला तरी स्वच्छ कोरड्या हवेत तो परत धरतो. गडबड कुठं होते, तर तारेच्या घासणीतले लोखंडाचे बारीक कण स्टीलवर रुतून बसतात आणि ते गंजतात, आपल्याला वाटतं सिंकच गंजलं. ओला लोखंडी तवा सिंकमध्ये उपडा ठेवला तरी तसाच डाग पडतो. लिंबूफुलाच्या पाण्यात कापड भिजवून अर्धा तास त्या टिपक्यांवर ठेवा आणि मऊ घासणीनं पुसा, वरवरचा असेल तर जाईल. बोटाला खड्डा लागत असेल तर तो आत गेलाय, तो घरी जात नाही.
बुडाचे निळे डाग म्हणजे घाण नव्हेच, जास्त तापल्यानं तोच थर जाड झालाय. व्हिनेगर लावून पाच मिनिटांनी पुसा.
चकाकीचं मात्र खरं सांगतो, तारेचे ओरखडे घरी पूर्ण जाणार नाहीत. आम्ही बारीक बारीक होत जाणारे एमरी म्हणजे खरखरीत घासकागद लावतो, मग सुती चाकावर पॉलिशचा हिरवा मसाला लावून पातेलं फिरवतो, तेव्हा कुठं आरसा होतो. बफिंगवाल्याला एकदा दाखवा, पण आतून करून घेतलं तर सोड्याच्या गरम पाण्यानं दोनदा धुवा, मसाल्याचं मेण राहतं. सिंकला मुळातल्याच बारीक रेघा असतील तर रेघेच्या दिशेनंच पुसायचं, गोल गोल नाही.

निपाणीकर:
वहिनी, सिंकखाली संडास धुवायच्या ॲसिडची बाटली आहे का? आमच्यात तसंच झालं होतं, झाकण सैल होतं, नुसत्या वाफेनं सिंकला टिपके आले. ब्लीचचं पाणीही सिंकमध्ये साठवू नका आणि ॲसिड-ब्लीच तर कधीच एकत्र करू नका, विषारी वायू सुटतो. मिठाचंही तसंच, गार पाण्यात मीठ टाकलं की ते तळाला बसतं आणि तिथं बारीक खड्डे पडतात, पाणी उकळल्यावरच घाला. बाकी नवीन घेताना चुंबक लावून बघायचं, चिकटलं नाही की भारी स्टील, एवढं लक्षात ठेवा.

उद्यमबाग पॉलिशवाला:
दादा, चुंबकाचं तेवढं बरोबर नाही. २०२ नंबरच्या हलक्या प्रतीच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही पण त्यात निकेल कमी असतं. ३०४ नंबरच्या चांगल्या स्टीलमध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, म्हणून काही भांड्यांवर १८/८ असा शिक्का असतो, तो बघून घ्या.

वडगावची वहिनी:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. निपाणीकर दादा, बाटली होती हो सिंकखाली! आजच बाहेर नेऊन ठेवली. पिंप अक्कांनी सांगितल्यासारखं केलं, तासाभरात पाणी दुधाळ झालं आणि थर हातानंच सुटला, दोनदा करावं लागलं एवढंच. निळे डाग गेले. सिंकचे बरेच टिपके गेले, नळाजवळचे तीन राहिलेत, तिथं बोटाला खड्डा लागतो. पातेलं घेऊन उद्या बफिंगला जाते, सासूबाई म्हणाल्या काठावर त्यांच्या माहेरचं नाव कोरलंय, ते पुसून देऊ नको म्हणावं.

उद्यमबाग पॉलिशवाला:
काठावर कागदी चिकटपट्टी लावायला सांगा, तेवढा भाग चाकाखाली घालू नका म्हणून आधीच बोला.