उन्हाने चेहऱ्यावर आलेले डाग: तुमचे अनुभव लिहा

रातराणी
काल भाची मांडीवर बसली होती. "मावशी, इथे काहीतरी लागलंय" म्हणाली आणि ओल्या रुमालाचं टोक घेऊन माझा गाल घासायला लागली. मी घासू दिलं. काय सांगणार तिला? आईलाही असेच वांग होते, दोन्ही गालांवर आणि नाकावर. बाहेर निघताना ती पावडरचा पफ तिथे दोनदा जास्त दाबायची. रोज बघायचे, पण कधी विचारलं नाही. माझे डाग दुसऱ्या बाळंतपणात आले, उन्हात गेलं की अजून गडद होतात. कोणाला काय लागू पडलं, काय अंगाशी आलं, मोकळेपणाने लिहा.

मोरपीस
अंगाशी आलं ते स्टिरॉइडचं मलम. शेजारच्या ताईंनी ट्यूब दिली, आठ दिवसांत चेहरा उजळला, मी खूश. पाच महिने लावलं. बंद केल्यावर आग, लाली, बारीक पुरळ, हनुवटीवर लव. गॅसजवळ उभं राहवेना. परत लावलं की थंड वाटायचं, म्हणून परत लावायचे. त्यातून बाहेर पडायला वर्ष गेलं. ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल असं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका, हात जोडते.

पानगळ
+१. माझ्या बहिणीचं सेम. तिचं लग्न ठरलं होतं तेव्हा, रडून रडून डोळे सुजले होते बिचारीचे.

मोरपीस
@पानगळ आता कशी आहे ती?

पानगळ
छान आहे गं. मुलगा झाला :) वांग आहेत थोडे, पण लाली पूर्ण गेली.

स्टेअरिंग
आमच्यासारख्यांचं पण ऐका. दिवसाचे आठ-दहा तास गाडीत. खिडकीकडचा गाल काळवंडला, दुसरा ठीक. काच बंद असली की ऊन लागत नाही अशीच माझी समजूत. डॉक्टर म्हणाले, उन्हातल्या अतिनील किरणांपैकी यूव्हीबी काच अडवते, यूव्हीए बरंचसं आत येतं. त्यांनी एक फोटो दाखवला, २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात छापलेला. २८ वर्षं ट्रक चालवलेला ६९ वर्षांचा माणूस. खिडकीकडची अर्धी बाजू सुरकुत्यांनी लोंबलेली, दुसरी पुष्कळ तरुण. एकाच माणसाचे दोन चेहरे. त्या दिवसापासून सनस्क्रीन चुकवलं नाही.

चष्मिश
घाईत लिहितेय, बाळ उठेल. रातराणीताई, बाळंतपणातले वांग हार्मोन्समुळे येतात, गर्भनिरोधक गोळ्यांनीही येतात. मला डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला. दुसरं म्हणजे वांगांना नुसता दिसणारा उजेडही त्रास देतो, म्हणून साधं नाही, टिंटेड, म्हणजे त्वचेसारखा रंग असलेलं सनस्क्रीन दिलं. त्यात आयर्न ऑक्साइड असतं, तो उजेड तेच अडवतं. एसपीएफ ३० किंवा जास्त. दोन बोटांवर लांब रेघ काढायची, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. बाहेर असलं तर दर दोन तासांनी परत. मी आधी वाटाण्याएवढं लावत होते. रात्री डाग फिके करणारं अझेलाइक अॅसिडचं क्रीम, गरोदरपणातही चालतं म्हणून तेच दिलं. तीन महिन्यांनी फरक दिसला, एका महिन्यात काही न

चष्मिश
उठला. "काही नाही" लिहायचं होतं.

कोरफड
लिंबू चोळू नका!! मी लिंबाचा रस लावून गच्चीत कपडे वाळत घालायला गेले. दोन दिवसांनी रस जिथून ओघळला होता तिथे तशीच रेघ, आधी लाल, मग फोड, मग तपकिरी. मनगटावर तर थेंबांचे ठिपके उमटले होते. होते ते डाग राहिले बाजूला, नवेच आले. डॉक्टर म्हणाले, लिंबाच्या रसावर ऊन पडलं की असं भाजतं.

जुनाखांब
हायड्रोक्विनोन या डाग फिके करणाऱ्या क्रीमबद्दल कोणीच लिहिलं नाही. माझ्या पत्नीला त्याचा चांगला उपयोग झाला, पण डॉक्टरांनी तीन महिन्यांवर थांबवलं. स्वतःच्या मनाने वर्षानुवर्षं लावत राहिलं की उलट निळसर-काळे डाग पडू शकतात, आणि ते जाता जात नाहीत. ट्रानेक्झामिक अॅसिडच्या गोळ्याही देतात, मुळात ते रक्तस्राव थांबवायचं औषध. घरात कोणाला रक्ताच्या गुठळीचा त्रास झाला असेल तर ते आधी सांगाच.

निळीछत्री
थोडं वेगळं. बाबांच्या कानशिलावर डाग होता, वयाचा असेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिला. मधूनच खपली धरायची, टॉवेल लागला की रक्त यायचं, कधी उशीवर ठिपका. तुकडा तपासला (बायोप्सी), तर बेसल सेल कॅन्सर, म्हणजे त्वचेचा कॅन्सर निघाला. काढला, चार टाके, आता बाबा ठणठणीत. वांग असे नसतात, सपाट असतात. वाढणारा, रंग किंवा कड बदलणारा, भरून न येणारा डाग असेल तर क्रीम लावत बसू नका, दाखवा.

रातराणी
@निळीछत्री वाचून पोटात गोळा आला. बाबा बरे आहेत, खूप बरं वाटलं. माझे सपाटच आहेत, तरी परवाची वेळ घेतली. @चष्मिश गोळ्या घेते मी, हे डोक्यातच आलं नव्हतं.

पानगळ
आईला पण विचार ना दाखवायचं का.

रातराणी
आई नाही गं आता. पफ आहे तिचा, डबीत.

पानगळ
अगं... सॉरी.

स्टेअरिंग
रातराणीताई, टोपी घ्या. पुढे झडप असलेली नको, चारी बाजूंनी रुंद काठाची. कान आणि मान पण झाकते.

कोरफड
वाऱ्याने उडते ना ती?

स्टेअरिंग
हनुवटीखाली नाडी बांधायची.