जमीन देणाऱ्याची पाटी: थडग्यावर नकोच

चर्चला जमीन देणाऱ्याच्या नावाची पितळी पाटी त्याच्या थडग्याच्या जुन्या दगडालाच ठोकावी, असं एक मत आहे; ते पटलं नाही. ऑस्ट्रेलियात हॉक्सबरी नदीकाठचं एबेनेझर चर्च (१८०९) घ्या. त्यासाठी चार एकर जमीन दिली ओवेन कॅव्हनॉने. १७८८मध्ये ब्रिटनमधून कैदी घेऊन ऑस्ट्रेलियात आलेल्या पहिल्या ताफ्यातल्या ‘सिरियस’ जहाजावरचा खलाशी. तो तिथल्याच आवारात पुरलेला आहे. थडग्याचा जुना दगड वालुकाश्म असेल, तर तो मऊ आणि सच्छिद्र. भोक पाडलं की पाणी शिरतं, लोखंडी खिळा गंजून फुगतो, दगड तडकतो. सिमेंटने तर ओल आत कोंडते, क्षार साचून पापुद्रे सुटतात. म्हणून पाटी वेगळ्या ठोकळ्यावर, थडग्यापासून हातभर लांब. शेवाळाला साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. तारेचा ब्रश अक्षरंच खातो. आणि मजकुरात ‘ओसाड जमीन’ लिहू नका, तिथे आधीपासून दारुग हे मूळ रहिवासी लोक राहत होते.