मदत हवी आहे: चिलखताच्या कड्या रिव्हेट मारताना चिरतात

नमस्कार मंडळी. १४व्या शतकातल्या युरोपीय धाटणीचं कड्यांचं चिलखत घरीच विणतोय. प्रत्येक कडीत शेजारच्या चार कड्या ओवलेल्या, तार १.६ मिमी, आतला व्यास ८ मिमी. आधी टोकं नुसती जुळवली होती, पण बोथट तलवारीच्या सरावात काखेतल्या कड्या उघडल्या. म्हणून आता टोकं एकमेकांवर चढवून, ठोकून चपटी करतो आणि भोक पाडून रिव्हेट (टोकं जोडणारा बारीक खिळा) मारतो. घोळ तिथेच! दहातल्या तीन-चार कड्या भोकापाशी चिरतात. मऊ व्हावी म्हणून तार लाल करून सावकाश गार केली, तरी तेच. (साधी लोखंडी आहे, गॅल्व्हनाइज्ड तापवली की जस्ताचा धूर बाधतो, एवढं कळतं.) जास्त चपटं होतंय, की भोक मोठं पडतंय? आणि आतल्या जाड अंगरख्याला सुती कापडाचे किती थर घेता? बायको म्हणते, आजीची गोधडीच घाल.