पंप-अॅक्शन बंदूक: एका ओढीत इतकी कामे क्रमाने कशी होतात?

वागळे_टूलरूम (ठाणे):
नमस्कार. नौपाड्यात बँकेच्या दारावरील रक्षकाकडे दिसणारी दुनळी कशी चालते हे सहज उमगते: नळी मोडायची, काडतुसे भरायची, नळी मिटायची. पंप-अॅक्शनमध्ये मात्र नळीखालची मूठ एकदा मागे ओढून पुढे ढकलली की रिकामे काडतूस बाहेर पडते, घोडा (बार काढताना आपटणारी हातोडी) चढतो, नवे काडतूस बसते आणि बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता ठोकळा, कुलूपबंदही होतो. मी वागळे इस्टेटमध्ये प्रेस टूलवर काम करतो, त्यामुळे एका हालचालीतून अनेक कामे काढायची तर त्यांचा क्रम धातूतच घडवावा लागतो, हे जाणतो. इथे तो नेमका कुठे असतो? शिवाय घोडा चढलेला असताना मूठ मागे का येत नाही?

तुर्भे_डिझाइन (नवी मुंबई):
प्रश्न नेमका आहे. उदाहरणादाखल रेमिंग्टन ८७० ही पंप-अॅक्शन बंदूक घेऊ. तिच्या मुठीपासून दोन पोलादी पट्ट्या मागे जातात आणि बोल्टखालच्या सरकत्या तुकड्याला जोडलेल्या असतात. बंदूक बंद असताना बोल्टमधला अडसर वर उचललेला असतो व नळीच्या मागच्या टोकातील खाचेत अडकलेला असतो. मूठ ओढल्यावर आरंभीच्या थोड्या अंतरात बोल्ट हलतच नाही. खालचा तुकडा तेवढा सरकतो आणि अडसर खाली उतरवतो. तुमचा क्रम सुरू होतो तो या मोकळ्या अंतरापासून, आणि माझ्या मते साऱ्या रचनेतला सर्वांत देखणा भाग हाच आहे.

त्यानंतर बोल्ट मागे निघतो, त्याची आकडी रिकाम्या काडतुसाची कड धरून ते ओढते, आणि आतल्या भिंतीवरच्या अडणीला ती कड आपटताच काडतूस बाजूच्या खिडकीतून उडते. मागे येणारा बोल्टच घोडा दाबून चढवतो. ओढ संपता संपता पट्टी एका खिटीला बाजूला सारते, तेव्हा नळीखालच्या, जादा काडतुसे ठेवायच्या नळकांड्यातले एकच काडतूस स्प्रिंगच्या जोराने मागे, उचलणीवर येते. त्याच्यामागचे दुसरी खिटी अडवून धरते. मूठ पुढे जाताना उचलणी वर होते, बोल्ट काडतूस नळीत ढकलतो आणि शेवटच्या थोड्या अंतरात अडसर पुन्हा खाचेत बसतो. तो पूर्ण बसेपर्यंत फायरिंग पिन (घोड्याच्या फटक्याने काडतुसावर आपटणारी सुई) पुढे जाऊ शकत नाही.

घोडबंदर_मेकॅनिकल (ठाणे):
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चापाच्या जोडणीत आहे. घोडा चढलेला असताना एक लहान खिटी पट्टीच्या वाटेत उभी राहते आणि घोडा पडला की ती बाजूला होते. बार न काढता बंदूक रिकामी करायची असेल, तर चापाच्या कड्याजवळची कळ दाबून हीच खिटी सोडवतात. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे: अडसर थेट नळीच्या पोलादात अडकत असल्यामुळे स्फोटाचा भार बाहेरच्या पेटीवर (बोल्ट ज्यात सरकतो त्या कवचावर) फारसा येत नाही, आणि म्हणूनच मॉसबर्ग ५०० या दुसऱ्या पंप-अॅक्शन बंदुकीची पेटी अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असूनही टिकते.

वागळे_टूलरूम:
दोघांचेही मनापासून आभार. मूठ अर्धवटच मागे ओढली तर काय होते?

तुर्भे_डिझाइन:
नळकांड्याची खिटी ओढीच्या अगदी शेवटी सुटत असल्याने नवे काडतूस बाहेरच येत नाही. ओढ फारच अपुरी असेल, तर जुने काडतूसही अडणीपर्यंत पोहोचत नाही आणि मूठ पुढे ढकलताच पुन्हा नळीत शिरते. म्हणूनच या बंदुकीच्या प्रशिक्षणात मूठ थेट शेवटपर्यंत, जोराने ओढण्याची सवय लावतात.