होडीचं नाव आधीच कुणी घेतलेलं असेल तर सरकारने अडवावं का?

दांडियाबाजारकर: भाचा इंग्लंडात असतो, जुनी शिडाची बोट घेतोय. नाव ठरलंय ‘रेवा’. पण तिथल्या सरकारी बोट-नोंदवहीच्या पहिल्या भागात, म्हणजे पार्ट वनमध्ये, जायचं तर त्यात दुसऱ्या कुठल्याच बोटीचं ते नाव असता कामा नये, म्हणून आधी विचारून घ्यावं लागतं. मला हे साहेबी सोवळं वाटतं. बोटीला सरकारी नंबर मिळतोच की! इथे बडोद्याच्या रावपुऱ्यात दहा रिक्षांवर ‘आईचा आशीर्वाद’ असेल, आरटीओने कधी हटकलंय?

मांजलपूरची काकू: रिक्षा बंद पडली तर उतरून चालत घरी जाता येतं, भाऊ. समुद्रात जीवावर बेतलं की रेडिओवर ‘मेडे’ तीनदा आणि मग बोटीचं नावही तीनदा सांगतात. जवळपास दोन ‘रेवा’ असल्या तर धावून जाणाऱ्याने कुठलीकडे जायचं?

फतेगंजचा: काकू, अमेरिकेत कोस्ट गार्डकडे कागद केले तरी नाव एकमेव असण्याची सक्ती नाही. ३३ अक्षरांपेक्षा मोठं नको, अश्लील नको आणि मदतीच्या हाकेसारखं ऐकू येणारं नको, एवढंच. नावासोबत बोटीवर बंदराचं गाव रंगवतात. शिवाय बोटीच्या रेडिओला ओळखीचा नऊ आकडी नंबर असतो, एमएमएसआय. रेडिओचं लाल बटण दाबलं की तो आपोआप जातो.

मांजलपूरची काकू: आणि तसला रेडिओच नसेल तर? किंवा बॅटरी भिजली तर?

फतेगंजचा: मग नावही कुणाला ऐकू जाणार नाही.

सयाजीगंजचा वकील: तुम्ही सगळे रेडिओतच अडकलात. इंग्लंडात पार्ट थ्रीसुद्धा आहे, २४ मीटरपेक्षा लहान बोटींसाठी. तिथे एकच नाव कितीही जणांनी ठेवा. फक्त ती नोंद मालकीचा पुरावा धरत नाहीत. पार्ट वनमध्ये मालकी नोंदली जाते, बोटीवरचं कर्जही चढतं. जिथे पैसा आणि हक्क अडकलाय तिथे नावाची छाननी, हे मला तरी रास्त वाटतं. भाच्याने बँकेचं कर्ज घेतलंय का, ते आधी विचारा.

परिक्रमावासी: आपल्याकडचं बघा. चैत्रात नर्मदेच्या उत्तरवाहिनी परिक्रमेला तिलकवाड्याला जा. पलीकडे जायला होड्यांची रांग आणि निम्म्यांवर ‘नर्मदे हर’! गर्दीत सासूबाई पुढच्या होडीत गेल्या, कुठल्या ते सांगता येईना. माझं मत काकूंच्या बाजूने.

फतेगंजचा: सासूबाईंसाठी मोठ्या अक्षरात रंगवलेला नंबर जास्त कामाचा. आणि बडोद्यात बसून नावांवर काय भांडायचं? जानेवारी २०२४ मध्ये हरणी तलावात बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. तिथे प्रश्न किती जणांना बसवलं आणि जॅकेट कुणाला दिलं, हा होता. अधिकाऱ्याचा वेळ तिकडे जाऊ दे.

सयाजीगंजचा वकील: यंत्रावर चालणाऱ्या नदीतल्या होड्यांसाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. त्यात नोंदणी आणि तपासणी दोन्ही येतात, देशभराच्या नोंदींचा एक संगणकीय साठाही. त्यात नाव पडताळायला अधिकाऱ्याचा असा किती वेळ जाणार?

दांडियाबाजारकर: कर्ज घेतलंय म्हणे. म्हणजे पार्ट वन आलंच. मत मात्र बदललेलं नाही, वकीलसाहेब. कर्ज नंबरावर चढवा, नाव ज्याचं त्याला ठेवू द्या. भाच्याला तूर्त एवढंच कळवलंय, की मंजुरी येईपर्यंत पेंटरला बोलावू नकोस.