हँडब्रेक उतारावर धरतो आणि चढावर सोडतो: केबल बदलावी की ड्रम उघडावा?

प्रश्न

माझ्याकडे १९६० च्या दशकातील मोटार आहे. मागे ड्रम ब्रेक, पायाचा ब्रेक हायड्रॉलिक आणि हँडब्रेक केबलवरचा, अशी त्या काळची नेहमीची रचना आहे. पायाचा ब्रेक उत्तम लागतो. हँडब्रेक मात्र गाडीचे तोंड उताराकडे असेल तर धरतो, आणि चढाकडे असेल तर दांडा पूर्ण वर ओढूनही गाडी हळूहळू मागे सरकते. केबलच्या टोकाचे आटे जवळपास संपले आहेत, म्हणजे पूर्वीच्या कोणीतरी ती भरपूर आवळलेली दिसते. नवी केबल टाकावी, की दोष दुसरीकडे शोधावा?

प्रतिसाद १

आपण सांगितलेले लक्षण केबलचे वाटत नाही. केबल सैल असती तर गाडी दोन्ही दिशांना सरकली असती. शिवाय तोंड चढाकडे असताना मागच्या चाकांवर वजन उलट अधिक येते. तरीही ब्रेक सोडतो, यावरून ड्रमच्या, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या भांड्यासारख्या भागाच्या, आत दोनपैकी एकच शू (ड्रमला आतून दाबून थांबवणारा कमानदार तुकडा) काम करत असावा असा माझा अंदाज आहे.

ड्रम ज्या दिशेला फिरू पाहतो त्या दिशेने एक शू ड्रमबरोबर आपसूक ओढला जातो आणि त्याची पकड वाढते, तर दुसऱ्याला ड्रम मागे लोटत असतो. दिशा बदलली की दोघांची कामे बदलतात. त्यामुळे दोन्ही शू टेकत असतील तर गाडी पुढे सरको वा मागे, एक शू नेहमीच जोर धरतो. त्या काळच्या अनेक गाड्यांत मागचे व्हील सिलिंडर (पायाच्या ब्रेकच्या द्रवाच्या दाबाने शू ढकलणारा भाग) बॅकप्लेटवर, म्हणजे ड्रममागच्या न फिरणाऱ्या पत्र्यावर, पक्के बसवलेले नसते, तर एका लांबट खाचेत सरकते. पिस्टन पुढच्या शूला ढकलतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने सिलिंडर स्वतः उलट्या बाजूला सरकून मागच्या शूला ढकलते. खाच गंजाने जाम झाली की हा दुसरा शू जागचा हलत नाही. ब्रेकचा बहुतेक भार पुढची चाके उचलत असल्याने चालवताना हे कळतही नाही.

ड्रम काढण्यापूर्वी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा आणि गाडी जॅकच्या भरवशावर न ठेवता स्टँडवर टेकवा, कारण मागची चाके हवेत असताना हँडब्रेकही नाही आणि गिअरचाही उपयोग नाही. शू काढल्यावर सिलिंडर हाताने खाचेत सरकले पाहिजे. सरकत नसेल तर ते उतरवून खाचेच्या कडा तारेच्या ब्रशने स्वच्छ धातू दिसेपर्यंत घासा आणि ब्रेकसाठीचे ग्रीस अगदी पातळ लावा. नळी सोडवावी लागली, तर शेवटी ब्रेकमधील हवा काढणे आलेच.

जुळवणीत आधी शू आणि शेवटी केबल, हा क्रम कटाक्षाने पाळावा. केबल ढिली असतानाच ॲडजस्टर (शू आणि ड्रममधले अंतर कमी-जास्त करणारा स्क्रू) चाक अडेपर्यंत फिरवा, पायाचा ब्रेक जोराने दाबून शू मध्यावर बसू द्या, पुन्हा आवळा आणि चाक फिरू लागेपर्यंतच मागे घ्या. किंचित घासल्याचा आवाज चालतो. केबलने ड्रमच्या आतला दांडा आधीच थोडा ओढून धरलेला असेल तर शू मूळ जागी परततच नाहीत, आणि मग ही सगळी जुळवणी फसवी ठरते. आपल्या गाडीत नेमके हेच झाले असण्याची शक्यता मोठी आहे.

प्रतिसाद २

निदान पटते, पण केबलला इतक्या लवकर निर्दोष ठरवू नये. ताण दोन्ही चाकांत वाटून देणारा, ॲक्सलवर तराजूच्या दांडीसारखा फिरणारा भाग बऱ्याच गाड्यांत ग्रीसअभावी अडकलेला असतो, आणि मग एकाच चाकाला ब्रेक लागतो. जोडणीतल्या पिनाही पाहा. प्रत्येक पिन थोडीथोडीच झिजते, पण त्या सगळ्यांची मिळून झीज दांड्याचे दोन-तीन दाते सहज खाते. कोणाला तरी दांडा एकेक दाता वर ओढायला सांगून दोन्ही चाके हाताने फिरवून पाहिली, की कोणते मागे राहते ते लगेच समजते.

प्रश्नकर्ता

दोन्ही ड्रम उघडले. डावीकडचे सिलिंडर खाचेत पूर्ण जाम आहे आणि तिथल्या मागच्या शूचे लायनर (ड्रमवर घासणारा थर) जवळजवळ नव्यासारखे जाड आहे. उजवीकडचे सिलिंडर सरकते, पण दोन्ही लायनर काळपट आणि ओलसर आहेत. ते पेट्रोलने धुऊन पुन्हा वापरता येतील का?

प्रतिसाद ३

नाही. लायनर तेल आत शोषून घेते. धुतल्यावर कोरडे दिसते आणि गरम झाले की तेल पुन्हा वर येते. शू दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत, अन्यथा दोन बाजूंची पकड वेगवेगळी राहील.

त्याआधी ओल कशाची आहे ते ठरवा. सिलिंडरचे रबरी टोपण उचलल्यावर आत पातळ द्रव असेल तर सिलिंडर गळते आहे. ओल घट्ट असेल आणि तिला गिअर ऑइलचा उग्र वास येत असेल तर हबचे ऑइल सील (ॲक्सलमधले तेल चाकाकडे येऊ न देणारे कडे) गेले आहे. अशा वेळी ॲक्सलवरचे हवेचे छिद्र बुजलेले नाही ना आणि तेल प्रमाणाबाहेर भरलेले नाही ना, हेही तपासावे, नाहीतर नवे सीलही लवकरच गळू लागेल.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: इतक्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ड्रममधली धूळ हवेच्या दाबाने उडवू नका किंवा कोरड्या ब्रशने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बंद करा. गंज घासण्याचे काम त्यानंतरच करावे.