प्रति: पिंक फ्लॉइड फुटले कशामुळे?

वरच्या दोन प्रतिसादांत पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या फुटीचे सारे खापर त्याचा बासवादक व गायक रॉजर वॉटर्सच्या अहंकारावर फोडले आहे. ते बऱ्याच अंशी मान्य. परंतु १९८५ मध्ये वॉटर्स बाहेर पडण्याच्या कितीतरी आधी, १९७९ मध्ये 'द वॉल' या अल्बमच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळीच संस्थापक सदस्य रिचर्ड राइटला बाहेरची वाट दाखवण्यात आली होती आणि पुढच्या दौऱ्यात तो भागीदार म्हणून नव्हे, तर पगारी वादक म्हणून वाजवत होता. दौरा तोट्यात गेला, तो तोटा उरलेल्या तिघांनी सोसला आणि राइटच्या पदरात मात्र पैसे पडले!

सांगलीचा माझा एक मित्र हा किस्सा आवर्जून सांगतो, कारण त्याच्या कॉलेजच्या रॉक बँडचेही काहीसे असेच झाले. मार्केट यार्डाजवळच्या हळदीच्या गोदामात त्यांचा सराव चाले आणि ड्रमवर काठी पडली की पिवळी धूळ उडे. पुढे गणेशोत्सवातल्या सुपाऱ्या मिळू लागल्यावर, ज्याच्या वडिलांनी अ‍ॅम्प्लिफायर घेऊन दिला होता तो गिटारवादक इतरांच्या हातावर कार्यक्रमागणिक पाकीट ठेवू लागला. मित्राच्या म्हणण्यानुसार उघड भांडण कधी झालेच नाही; बिदागीचा हिशेब सर्वांसमोर होईनासा झाला, तेव्हापासून कोणते गाणे घ्यायचे यावरही कोणी वाद घालेना.